दुसरं काही औषध चालू आहे का?

९ जानेवारी

मावशी गं,

पाकीट पोचलं. तू ते मोज्यात, मोजा टोपीत आणि टोपी साबणाच्या खोक्यात घालून पाठवलंस. सासूबाई ते खोकं घेऊन थेट न्हाणीघराकडे निघाल्या होत्या. मी अक्षरशः झडप घातली. म्हटलं, "हा साबण मला पुरळासाठी आहे." आता मला पुरळ आलंय असं घरात सगळ्यांना वाटतंय.

फोनवर हे बोलता येत नाही, तुला माहीतच आहे. आमचा फोन बैठकीच्या खोलीत, सासूबाईंच्या खुर्चीच्या हाताशी. मी "हॅलो" म्हटलं की त्या टीव्हीचा आवाज कमी करतात. म्हणून पत्र. उत्तर चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. आमचे मालक माझी पत्रं न उघडता काचा घासायच्या यंत्रापाशी ठेवून देतात.

नवऱ्याला माहीत आहे. माझी भिंगांची परीक्षा होईपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, मूल नको हे आम्ही दोघांनी ठरवलंय. पण गोळ्यांचं काही विचारलं की "तू बघ काय ते" म्हणतो आणि सामानाची व्हॅन घेऊन निघून जातो.

आता मुद्दा. पाकिटात एकवीस पांढऱ्या गोळ्या आहेत आणि सात तपकिरी. बाण आहेत, पण ते वळून वळून कुठून कुठे जातात कळत नाही. आत एक कागद होता. घडी उघडली तर टेबलाएवढा झाला, आणि अक्षर इतकं बारीक की दुकानातलं भिंग घेऊन वाचायला बसले. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. कागद दडवला आणि कुठे दडवला तेच आठवत नाही. मी तपकिरी गोळ्यांपासून सुरुवात केली. म्हटलं, रंगीत म्हणजे जास्त ताकदीच्या असणार. सहा घेऊन झाल्या. बरोबर आहे ना?

रोज किती वाजता घ्यायची? जेवणाआधी की नंतर? आधी डॉक्टरकडे जायला हवं होतं का?

आणि एक विचारू? तू एकटी राहतेस. तुला या कशाला लागतात?

तुझी
भिंगरी

१६ जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र इस्त्रीच्या टेबलावर ठेवून वाचत होते. इतकी हसले की हॉटेलची एक चादर करपली. मुकादम ओरडला, पण मला हसू आवरेना.

अगं, तपकिरी म्हणजे नुसतं लोह. त्या शेवटच्या आठवड्यात घ्यायच्या, पाळी येते तेव्हा. म्हणजे सहा दिवस तू लोखंड खाल्लंस. अंगाला लागेल. आता पांढऱ्या सुरू कर. पुढच्या महिन्यांची दोन पाकिटं याबरोबर दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. रोज एक, ठरलेल्या वेळी, पाणी पिऊन. आमच्या लाँड्रीत दुपारचा भोंगा झाला की मी घेते. एखादी चुकलीच तर आठवल्यावर सगळ्या चुकलेल्या एकदम गिळायच्या, विषय संपला.

डॉक्टर कशाला? तो वजन करणार, दंडाला पट्टा बांधणार आणि शंभर चौकशा करणार. मी एकोणचाळीस वर्षांची झाले, सहा वर्षं घेतेय. मला साधा ताप आलेला नाही. मला चालतात म्हणजे तुला चालणारच. एकाच रक्ताच्या आहोत आपण.

मला कशाला लागतात म्हणून विचारतेस. पाळीचा त्रास, गं. फार जातं. नवरा सुटला म्हणून पाळी सुटत नाही.

यातलं तुझ्या आईला अवाक्षर कळता कामा नये. माझी थोरली बहीण आहे, मी तिला चांगलं ओळखते. अर्धा शब्द सांगितला की उरलेलं वाक्य ती स्वतःच पुरं करते. सिगरेटचं अजून तिला कळलेलं नाही, हेच माझं नशीब.

मावशी

२७ फेब्रुवारी

मावशी,

मला काहीच कळेनासं झालंय, म्हणून जे जसं झालं तसं लिहिते.

पाकीट मी दुकानात, चष्म्यांच्या रिकाम्या डब्या ठेवतो त्या खणात ठेवते. घरी ठेवायला जागाच नाही. आमच्या कपाटाला कुलूप आहे, पण किल्ली सासूबाईंच्या कमरेला. गेल्या आठवड्यात रंगकामासाठी दुकान दोन दिवस बंद होतं. मालकांनी आदल्या संध्याकाळी सांगितलं आणि मी आनंदानं घरी गेले. वाटेत आठवलं, पण तोवर कुलूप लागलं होतं. दोन गोळ्या चुकल्या. तिसऱ्या दिवशी तू सांगितलं होतंस तशा तिन्ही एकदम घेतल्या, उभ्याउभ्या. अर्ध्या तासात पोटात ढवळायला लागलं. मालकांनी घरी पाठवलं, आणि दारात पाऊल टाकते तोच भडभडून उलटी झाली.

सासूबाईंनी पाहिलं. मावशी, त्यांचा चेहरा असा उजळला! मला हाताला धरून आत नेलं आणि स्वतःच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत दीड वर्षात माझा नवरासुद्धा बसलेला नाही. तेव्हापासून मला बादली उचलू देत नाहीत, मोठ्यानं बोलत नाहीत, टीव्हीही बारीक आवाजात. इतकं प्रेमानं वागतात की मला रडू येतं. काय सांगू त्यांना?

आणि मलाच कुठे माहीत आहे काही? डाग पडतायत, पण ही पाळीची तारीख नाही. मग ही पाळी आहे, की गोळ्यांचं काही आहे, की त्या म्हणतात ते खरं आहे? गोळ्या उलटीत गेल्या की पोटात राहिल्या? पुढच्या घेऊ की थांबू? मी घेतेय. थांबायची भीती वाटते म्हणून घेतेय, एवढंच.

अजून एक. मंगळवारी काच घासताना डोळ्यासमोर एक ठिपका आला, उन्हाकडे बघितल्यावर येतो तसा. तो वाढत गेला आणि त्याची कड करवतीच्या दात्यांसारखी झाली. चमचमणारी, हलणारी. हातातल्या फ्रेमची डावी बाजू दिसेचना. वीस-पंचवीस मिनिटांनी गेलं आणि मग उजवं कपाळ असं ठणकलं की दिव्याकडे बघवेना. रंगाच्या वासानं असेल का?

भिंगरी

८ मार्च

भिंगरे,

आधी त्या तपासणीच्या पट्ट्या मिळतात ना, त्यातली एक आण आणि सोक्षमोक्ष लाव. सासूला तोवर काही सांगू नकोस. खुर्चीत बसायला मिळतंय तर बस चार दिवस.

तीन एकदम घेतल्यावर उलटी झाली यात नवल नाही, मलाही मळमळतं. मी झोपून काढते. डाग सुरुवातीला पडतातच.

डोळ्याचं म्हणशील तर तुझा नंबर वाढलाय. दिवसभर दुसऱ्यांच्या काचा घासतेस आणि स्वतःचे डोळे तपासत नाहीस. नंबर काढून घे.

माझीही एक बातमी. सोमवारी लाँड्रीत साबणाच्या पाण्यावरून घसरले. घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्याखाली प्लास्टर आहे, सहा आठवडे घरी, पाय उशीवर. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का?" मी "नाही" म्हटलं. हाडाचा आणि गोळीचा काय संबंध? शिवाय बाजूला कोण बसलं होतं, सांग बघू. तुझी आई. पडल्याचं कळल्याबरोबर पिशवी भरून हजर झाली. आता सहा आठवडे मी तिच्या ताब्यात. सकाळी सातला खिडक्या उघडते. सिगरेट बंद. गोळी मी उशीच्या अभ्र्यात ठेवलीय आणि ती अंघोळीला गेली की घेते. हे पत्रही तसंच लिहितेय. पुरं करते, पाणी ओतायचा आवाज थांबला.

मावशी

१७ मार्च

मावशी,

पायाला जप. आई तुझ्याकडे आहे हे वाचून बरंही वाटलं आणि धास्तीही वाटली.

पट्टी आणली. दुकानाच्या मागच्या मोरीत तपासलं. एकच रेघ. म्हणजे नाही. मला हायसं वाटलं, आणि लगेच सासूबाईंची खुर्ची आठवली. अजून सांगितलेलं नाही.

काल तो प्रकाश परत आला, या वेळी गिऱ्हाईकासमोरच. अक्षरांचा तक्ता दाखवत होते आणि तक्त्यातली मधली अक्षरं नाहीशी झाली. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, पुढची ओळ वाचू का?" मालकांनी मला बाजूच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "एक डोळा झाक." झाकला. "आता दुसरा." झाकला. "आता दोन्ही मिट. दिसतंय?" दिसत होतं, मावशी. दोन्ही डोळे मिटूनही दिसत होतं.

मग गिऱ्हाईक गेल्यावर मालकांनी माझे डोळे सगळ्या यंत्रांवर तपासले आणि म्हणाले, "पोरी, तुझे डोळे ठणठणीत आहेत. जे दिसतंय ते डोळ्यात नाही, डोक्यात आहे. यात मला कळत नाही. डॉक्टरला दाखव, आणि काय खातेस, काय गोळ्या घेतेस ते सगळं सांग." गोळ्या म्हटल्यावर मी चपापले. त्यांना तो खण ठाऊक असणार. चाळीस वर्षं डब्या तेच लावतात.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलीय. सांगावं का त्यांना? तू म्हणतेस संबंध नाही. मालक म्हणतात सगळं सांग.

भिंगरी

२२ मार्च

भिंगरे,

सांग बाई, तुला सांगायचं असेल तर. तुझ्या बाजूला तुझी आई बसलेली नाही.

माझं काही खरं नाही. प्लास्टर घट्ट झालंय की काय कळत नाही. पोटरी आतून अशी दुखते की बोटानं दाबावी म्हटलं तर मध्ये प्लास्टर. गुडघ्याच्या वरपर्यंत पाय सुजलाय आणि गरम लागतो. ताई म्हणते, लोंबता ठेवलास म्हणून. मी म्हणते, लाँड्रीत वीस वर्षं उभं राहिल्याचं हे आता वसूल होतंय. आणि पडून पडून अंगातली शक्तीच गेलीय. कुबडीवर न्हाणीघरापर्यंत जाऊन आले की धाप लागते. परवा तर बोलताना मध्ये थांबावं लागलं. ताईला वाटलं मी रडतेय.

खरं तर रडावंसं वाटतं. तुझ्याशी खोटं बोलले, ते आता पडल्यापडल्या टोचतंय. पाळीचा त्रास वगैरे काही नाही. लाँड्रीसमोर घड्याळं दुरुस्त करणारा आहे ना, जाड भिंग डोळ्याला लावून बसतो तो. सहा वर्षं झाली. चांगला माणूस आहे. लग्न त्यालाही नको, मलाही नको. एकदा करून बघितलं. पण संध्याकाळी मागच्या जिन्यावर बसून दोघांनी एकेक सिगरेट ओढायची, चार शब्द बोलायचे, कधी तो घरी येतो. एवढंच माझं आहे. ते कुणाला समजावून सांगायची माझी ताकद नाही. ताईला तर नाहीच. ती म्हणेल, या वयात? आणि मी काय उत्तर देऊ? वय माझंही मला माहीत आहे.

तो रोज दारापर्यंत येऊन जातो. ताई त्याला कोण समजलीय कोण जाणे, फार आदरानं बसवते.

पत्र फाडून टाक.

मावशी

२६ मार्च, दुपारी, दुकानातून

मावशी,

हे पत्र कुरियरनं पाठवतेय, उद्या सकाळी मिळेल. मिळाल्याबरोबर वाच, आणि आई समोर असली तरी वाच.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. पाकीट टेबलावर ठेवलं. त्या रागावल्या नाहीत. आधी माझा रक्तदाब घेतला, मग एकेक विचारत गेल्या. सिगरेट ओढतेस का? घरात कुणाला रक्ताची गुठळी झाली होती का? क्षयाची किंवा फिटची औषधं चालू आहेत का? कावीळ? बाळ अंगावर पितंय का? आणि मग, अर्धशिशी आहे का, दुखायच्या आधी डोळ्यांसमोर काही चमकतं का?

मी करवतीच्या दात्यांचं सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "ही गोळी आजपासून बंद. या दुखण्यात ही घेतली तर मेंदूला रक्त पोचायला अडथळा येण्याचा धोका वाढतो." मी म्हटलं, "माझ्या मावशीला तर सहा वर्षं चालतेय." त्या म्हणाल्या, "गोळी वाईट नाही. बहुतेक बायकांना उत्तम चालते. पण कुणाला चालेल आणि कुणाला नाही, ते आधी बघावं लागतं. ती मावशीला नीट बसली म्हणून भाचीला बसेल असं नसतं. चपलेसारखी उसनी घ्यायची वस्तू नाही ही."

आपण दोघींनी काय काय चुकीचं केलं तेही कळलं. एक गोळी चुकली तर आठवल्याबरोबर ती घ्यायची, आणि त्या दिवशीची तिच्या वेळी. दोन किंवा जास्त चुकल्या तर सगळ्या गिळायच्या नाहीत. शेवटची चुकलेली तेवढी लगेच घ्यायची, पुढे रोजच्याप्रमाणे, आणि सात दिवस कंडोम वापरायचा. त्या चुकण्याच्या आधीच्या दिवसांत जवळ आलो असलो तर डॉक्टरला विचारायचं. चुकलेल्या गोळ्या शेवटच्या सात पांढऱ्यांतल्या असतील तर तपकिरी न घेता सरळ नवं पाकीट सुरू करायचं. घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती घेतली असं धरायचंच नाही, दुसरी घ्यायची. मी लोह खात बसले होते तेव्हा तर मला काहीच संरक्षण नव्हतं. नुसतं नशीब.

पण मी हे त्यासाठी लिहीत नाही. निघताना त्या म्हणाल्या, "पाकीट बंद केलंस तरी थोडे दिवस लक्ष ठेव. एका पायाची पोटरी दुखून सुजली, छातीत दुखलं, दम लागला, अचानक प्रचंड डोकं दुखलं किंवा दिसेनासं झालं, तर वाट बघायची नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात." मी दारात होते. तुझं पत्र पर्समध्ये होतं. मी परत आत गेले आणि विचारलं, "आणि बाई पस्तिशीच्या पुढची असेल, सिगरेट ओढत असेल, आणि पाय प्लास्टरमध्ये असेल तर?" त्या म्हणाल्या, "तिला ही गोळी कुणी दिली?" मग म्हणाल्या, "ती कुठे आहे आत्ता?"

मावशी, पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात जाते. धाप लागते ती पडून राहिल्यानं नाही.

मी दुकानातून लगेच फोन केला. आईनं उचलला. म्हणाली, "मावशी झोपलीय. काय गं, काय काम?" माझ्या तोंडून निघालं, "काही नाही, सहज." सहज! मी फोन ठेवला आणि मला स्वतःला मारावंसं वाटलं. तुझं गुपित तुझं आहे, ते मी आईला कसं सांगू, असं मला तेव्हा वाटलं. आता लिहिताना कळतंय की हे वेडेपणाचं आहे. मालकांनी विचारलं, "बरं नाही का?" मी कुरियरचा नंबर मागितला. दहा मिनिटांनी पुन्हा लावला तर वाजत राहिला, कुणी उचलला नाही. आता कुरियरवाला दारात उभा आहे.

मी पुन्हा पुन्हा फोन करणार. आईनं उचलला तर आईलाच सांगणार. रागाव माझ्यावर. पण आत्ता दवाखान्यात जा, आणि त्यांनी विचारलं दुसरं काही औषध चालू आहे का, तर "हो" म्हण. एवढं एकदा "हो" म्हण.

भिंगरी

१० एप्रिल

चि. भिंगरीस आईचे आशीर्वाद.

फोनवर मी तुला एवढंच सांगितलं की मावशीला दवाखान्यात ठेवलंय, तू येऊ नकोस. येऊ नकोस म्हणाले ते रागानं. आज राग थोडा उतरलाय म्हणून लिहायला बसले. मावशी बरी आहे. हे आधी लिहायला हवं होतं.

त्या दुपारी तू पहिल्यांदा फोन केलास तेव्हा "सहज" म्हणालीस. तू लहानपणापासून सहज काही करत नाहीस. मी विचार करत बसले. मग खाली औषधं आणायला गेले, दुसरा फोन तेव्हाच वाजला असेल. परत आले तर फोन बंद पडलेला, तो सकाळपर्यंत लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कुरियर आलं. मावशी उठून बसली होती, पण श्वासासाठी खांदे वर करत होती, ओठांचा रंग मला बरा दिसेना. पाकिटावर तिचं नाव होतं. मी उघडलं. मी सगळ्यांचं सगळं उघडते, तुम्ही दोघी त्यावरून हसता, ते मला माहीत आहे.

पहिलं पान मला कळलंच नाही. कोणाची गोळी, कसली अर्धशिशी, मला वाटलं तुलाच काहीतरी झालंय. दुसऱ्या पानावर पोटरी आणि धाप वाचलं आणि मान वर करून तिच्याकडे बघितलं. पुढचं वाचायला थांबले नाही. समोरून ते सद्गृहस्थ येतच होते, त्यांनी तिला उचलून गाडीत घातलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का?" हिला बोलवत नव्हतं. मला तोंडानं सांगता येईना. मी तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं आणि पळापळ सुरू झाली. पायात गुठळी होती, तिचा तुकडा फुफ्फुसात गेलेला. पोटात टोचायची रक्त पातळ करायची इंजेक्शनं दिली, आता त्याच्याच गोळ्या काही महिने. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस घरी काढला असता तर सांगता आलं नसतं. ती पांढरी गोळी पुन्हा कधीही नाही. सिगरेटही नाही. (सिगरेट! मला वाटायचं लाँड्रीच्या धुराचा वास येतो.)

आता त्या सद्गृहस्थांचं. ते रोज येतात, व्यवस्थित माणूस, चष्मा सारखा पुसतात. मी पहिल्या दिवसापासून त्यांना लाँड्रीचे मालक समजत होते. तीन आठवडे मी त्यांना सांगत होते की माझ्या बहिणीनं तुमच्याकडे वीस वर्षं राबून हाडं झिजवली, तिला पूर्ण रजा द्या. ते बिचारे मान खाली घालून "हो ताई, देऊ" म्हणायचे. एकदा तर मी त्यांना फरशी कोरडी का ठेवत नाही म्हणून झापलं, त्यांनी माफी मागितली. उशीच्या अभ्र्यातली तुझी सगळी पत्रं वाचली, त्यात "तू एकटी राहतेस, तुला या कशाला लागतात" होतं, तेव्हा मला कळलं की हे कोण. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग तिसऱ्या दिवशी त्यांच्यासाठीही चहा आणला. काय करणार. प्लास्टरबाहेर आलेला तिच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून बसले होते.

मावशी म्हणाली, "ताई, तू काय म्हणशील म्हणून सांगितलं नाही." मी म्हटलं, "मी म्हणण्याआधीच तू माझं वाक्य पुरं केलंस."

मला राग कशाचा आला ते सांगते. गोळ्यांचा नाही. तुम्हाला दोघींना वाटलं की मला यातलं काही कळत नाही. अगं, तुझ्या जन्मानंतर मलाही अशाच गोळ्या दिल्या होत्या. पाकीट हातात ठेवलं आणि "घ्या" म्हणाले, कशा ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायला कुणी नव्हतं. तुझे वडील तेव्हा रस्त्यांच्या मोजणीवर बाहेरगावी, पंधरा दिवसांनी घरी यायचे. मी ते घरी असतील त्याच दिवशी गोळी घ्यायची. बाकीच्या दिवशी कशाला वाया घालवायची? त्यातूनच तुझा भाऊ झाला. त्याला सांगू नकोस. तो झाला याचं मला कधी वाईट वाटलं नाही, पण तेव्हा मला तो हवा होता का हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

म्हणून तुला विचारते. तुला मूल नको आहे, की आत्ता नको आहे? आणि तुझ्या सासूला काय वाटतंय ते तू तसंच ठेवलंयस का? उत्तर दे. या खेपेला मला.

तुझी आई

१६ एप्रिल

आई,

तुझं पत्र मालकांनी घासणीच्या यंत्रापाशी ठेवलं होतं. तुझं अक्षर बघून आधी उघडवेना. मग दुकानाचं दार लोटून घेऊन वाचलं. दोनदा. भावाचं वाचून हसले आणि मग बराच वेळ काचच घासता आली नाही.

मी तांबी बसवून घेतली. डॉक्टरीणबाईंनी तीन-चार पर्याय समजावले, त्यातला हा मला पटला. यात गोळीतलं ते हार्मोन नाही. नवरा बरोबर आला होता. सगळ्या बायकांमध्ये एकटाच, मांडीवर माझी पर्स घेऊन बसला होता. गोळ्या बंद केल्यापासून तो प्रकाश एकदाच दिसला. तो कायमचा जाईल असं त्यांनी सांगितलेलं नाही.

सासूबाईंना सांगितलं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी, कारण नंतर धीर झाला नसता. म्हटलं, "तुम्हाला वाटलं तसं काही नव्हतं. माझी परीक्षा होईपर्यंत आम्ही थांबायचं ठरवलंय." त्या वाळलेले कपडे घड्या घालत होत्या. सगळ्या घड्या झाल्यावर म्हणाल्या, "मला आधी सांगितलं असतंस तर मी गावभर सांगितलं नसतं." म्हणजे त्यांनी सांगितलंय! मग कपाटाची किल्ली कमरेची काढून टेबलावर ठेवली आणि आत गेल्या. ही किल्ली मला दिली, की रागानं टाकली, मला कळलेलं नाही. मी उचललेली नाही. अजून तिथेच आहे. आम्ही दोघी तिच्या आजूबाजूनं जेवणाची ताटं मांडतो.

तू विचारलंस ते. आत्ता नको, हे मला नक्की माहीत आहे. पुढे हवं आहे का, ते मला माहीत नाही, आई. दुकानात कुणी कडेवर बाळ घेऊन येतं तेव्हा हवंसं वाटतं, आणि संध्याकाळी पुस्तक उघडलं की नकोसं वाटतं. याला काय म्हणतात? तुला असं कधी व्हायचं का? मला वाटायचं की असं काही आपल्याला ठाऊक असतंच, नुसतं सांगायचं धाडस नसतं. पण मला खरंच ठाऊक नाही.

मावशीवर रागावू नकोस. तिनं मला प्रेमानं पाठवलं होतं, आणि मी प्रेमानं घेतलं. दोघींपैकी एकीनंही कुणाला विचारलं नाही, एवढंच. तिला सांग, फाडून टाक म्हणाली होती ते पत्र मी फाडलेलं नाही, पण आता फाडते.

शनिवारी दुपारच्या गाडीनं येते. येऊ नकोस म्हणालीस तरी येते. मावशीचं प्लास्टर निघायचंय ना, तेव्हा तिला पहिल्यांदा उभं करायला तुम्ही दोघंच पुरणार नाही. ते सद्गृहस्थ आणि तू एकमेकांना "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत बसाल आणि ती पडेल.

भिंगरी